आपल्याच वाचकाला अप्रिय झालेला संपादक

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानांनी काबूल ताब्यात घेतले. त्यानंतर सहाव्या इयत्तेपुढील मुलींच्या शाळा उघडल्याच नाहीत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही स्त्रियांना बंद करण्यात आली. याच काळात त्या देशातील कितीतरी अध्यापक आणि वृत्तपत्रकार परागंदा झाले. धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला पहिले भय वाटते ते शिकवणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे. वर्गात शिकवणारा आणि वृत्तपत्रात लिहिणारा माणूस एकच असेल, तर तो दुप्पट संशयास्पद ठरतो.

अफगाणिस्तानात या दोन कार्यांचे नाते जुने आहे. महमूद तर्झी यांनी १९११ मध्ये काबूलमध्ये ‘सिराज-उल-अखबार’ हे पत्र सुरू करून आधुनिक शिक्षणाचा पुरस्कार केला. त्यांचीच कन्या राणी सोराया हिच्या पुढाकाराने १९२१ मध्ये तेथे मुलींची शाळा उघडली गेली. १९२९ मध्ये राजा अमानुल्लाची सत्ता उलथली आणि ती शाळाही बंद पडली. लेखणीने मार्ग मोकळा करावा, शाळेने त्यावरून चालावे आणि प्रतिगामी शक्तींनी दोन्ही एकाच दिवशी बंद करावे, हा क्रम त्या दुर्दैवी देशाने एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

या घटनांकडे दूरदेशीची वार्ता म्हणून पाहण्याची सवय महाराष्ट्राने सोडली पाहिजे. पुण्याच्या महाविद्यालयांतून अफगाण विद्यार्थी अनेक वर्षे शिकत आले आहेत. आणि ज्या पुण्यात ते शिकले, त्याच पुण्याने एका प्राध्यापक-संपादकाची तो जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती. मुलींना मुलांबरोबर, मुलांइतकेच आणि मुलांचेच शिक्षण द्यावे असे लिहिणे, बालविवाहाला कायद्याने आळा घालावा असे म्हणणे, हा त्याचा अपराध होता. त्या प्राध्यापकाचे नाव गोपाळ गणेश आगरकर. त्यांचे नाव घेऊन सभा सुरू करणे हा पुरोगामी चळवळीचा परिपाठ झाला आहे. परंतु त्यांच्या लेखणीला स्वातंत्र्य कोठून मिळाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आज तोच विचार अधिक निकडीचा आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरी दारिद्र्य होते. शिक्षणासाठी त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली, दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम करावे लागले आणि नातलगांच्या आश्रयाने अकोल्यास राहावे लागले. तेथूनच १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुवून सकाळी घालणारा हा विद्यार्थी पदवीधर झाला. इतिहास व तत्त्वज्ञान हे त्याचे विषय होते, आणि मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्याची बुद्धी घडवली होती. त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरीत मोठा पगार आणि मोठा मान सहज लाभत असे. आगरकरांनी तो मार्ग सोडला आणि आईला पत्राने तसे कळवले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते, एम. ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. त्यांपैकी ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते.

पत्र वर्षभराचे होते न होते तोच संपादकांवर कसोटीचा प्रसंग आला. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारात छळ होत आहे, अशा आशयाचा मजकूर व पत्रे दोन्ही वृत्तपत्रांनी छापली. बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर सारी भिस्त होती ती बनावट निघाली. संपादकांनी चूक कबूल करून क्षमा मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. या प्रकरणातून दोन बोध निघतात आणि ते दोन्ही एकत्रच घेतले पाहिजेत. पुराव्याची खातरजमा न करता छापणे ही चूकच होती, मग हेतू कितीही शुद्ध असो. परंतु मूळ चिंता निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्या अभागी राजाचा अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. दुर्बलाची बाजू घेणाऱ्या पत्राने अधिक काटेकोर असले पाहिजे. त्याची एक चूक प्रबळांच्या शंभर अपराधांवर पांघरूण घालते.

याच खटल्यातील आणखी एक गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची आहे. या दोघा ब्राह्मण संपादकांना जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. मतभेद तीव्र होते आणि चिपळूणकरांच्या लेखणीने फुल्यांवर केलेले वार ताजे होते. तरीही लिहिणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला आला तेव्हा सत्यशोधक मागे राहिले नाहीत. हा औदार्याचा धडा पुढे पुण्यातील सुशिक्षित वर्ग फार लवकर विसरला.

सुटकेनंतरच्या वर्षांत आगरकरांची वाट स्पष्ट होत गेली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. आगरकर तेथे प्राध्यापक झाले. पण ‘केसरी’च्या कचेरीत पेच वाढत होता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी लावून दिलेल्या विवाहातील नवऱ्याकडे जाण्यास नकार देणाऱ्या या स्त्रीला मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. आगरकरांचे मन रखमाबाईंच्या बाजूने होते. टिळकांचे आणि बहुसंख्य वाचकांचे मत उलट होते. परकीय सरकारच्या कायद्याने समाजात ढवळाढवळ होऊ नये, लोकांची राजकीय एकजूट आधी व्हावी, असा टिळकांचा युक्तिवाद होता. तो भ्याड माणसाचा युक्तिवाद नव्हता. साम्राज्याशी झुंजणाऱ्या माणसाचा होता. परंतु आगरकरांचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. घरातील अर्ध्या माणसांना ज्यांनी दास्यात ठेवले आहे, त्यांना दास्याविरुद्ध बोलण्याचे बळ कोठून येणार?

येथे आगरकरांपुढे तीन वाटा होत्या. पत्राच्या सामुदायिक मताला मान तुकवून गप्प बसावे, आपले मत खासगी म्हणून पत्राच्या कोपऱ्यात छापावे, अथवा पत्रच सोडावे. दुसरी वाट त्यांनी काही काळ चोखाळून पाहिली. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी तिसरी स्वीकारली. ज्या पत्राला त्यांनी जन्मापासून वाढवले आणि ज्याच्यासाठी तुरुंगवास भोगला, ते हातावेगळे केले. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, ‘सुधारक’ निघाला. त्याचा मराठी भाग आगरकर आणि इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

‘सुधारका’चे वैशिष्ट्य केवळ पुरोगामी मतांत नव्हते. त्याच्या आधी लोकहितवादींनी आणि फुल्यांनी कठोर शब्दांत लिहिलेले होतेच. वैशिष्ट्य हे होते की हे पत्र ज्यांनी विकत घ्यायचे, त्यांच्याच विरुद्ध ते लिहिले जात असे. केशवपन, सोवळेओवळे, श्राद्धपक्ष, कन्याविक्रय, अस्पृश्यता यांवर जो वाचक श्रद्धा ठेवून होता, त्याच्याच दारी हे पत्र जात होते. सरकारवर टीका करणाऱ्या संपादकाला वाचकांच्या टाळ्या मिळतात. वाचकावर टीका करणाऱ्या संपादकाच्या पाठीशी कोणी नसते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या कोवळ्या मुलीचा पतीच्या संभोगाने मृत्यू झाला, आणि संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक पुढे आले. मार्च १८९१ मध्ये ते मंजूर झाले. केवळ दोन वर्षांची ही वाढ! पण तिला पाठिंबा दिला म्हणून पुण्यात आगरकरांवर शिव्याशापांचा पाऊस पडला. प्रतीकात्मक प्रेतयात्रा निघाली ती याच विरोधाच्या वातावरणात. दम्याने पोखरलेल्या या माणसाने आपले पुतळे जळताना पाहिले आणि पुढच्या अंकाचा मजकूर लिहायला घेतला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. वाचक पाठीशी नाही, सरकार पाठीशी नाही, धनिक पाठीशी नाही. मग हा माणूस उभा कशावर होता? केवळ धैर्यावर, असे उत्तर देणे म्हणजे व्यक्तिपूजा करून मोकळे होणे होय. आगरकरांच्या स्वातंत्र्याला एक भौतिक पाया होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवेची शपथ घेत, परंतु ते कोणाचे चाकर नव्हते. शिकवणारेच संस्थेचे चालक होते. शिक्षकाचे लेख आवडले नाहीत म्हणून त्याला काढून टाकणारा मालक तेथे नव्हता. मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली, पण आगरकरांचे अध्यापन कोणी हिरावून घेऊ शकले नाही. उलट वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये तेच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दुसरीकडे ‘सुधारक’ हे त्यांचे स्वतःचे पत्र होते. गरजा कमी, संस्था सहकाऱ्यांची, पत्र स्वतःचे, या तीन गोष्टींवर ती लेखणी टेकलेली होती. श्रमणाऱ्यांच्या हाती साधने असली की श्रम स्वतंत्र होतात, हे समाजवादाचे सूत्र बौद्धिक श्रमालाही तितकेच लागू आहे.

१७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. ज्यांच्याशी आठ वर्षे वाद झाला त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, तेव्हा सामाजिक परिषदेला सभामंडप नाकारण्यात आला आणि रानड्यांना ती अन्यत्र भरवावी लागली. तेव्हा आगरकर हरले, असेच कोणालाही वाटले असते. परंतु त्यांच्याच महाविद्यालयात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला होता. पुढे त्यांनी हिंगण्याला आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. एका पिढीच्या अग्रलेखाची पुढच्या पिढीत संस्था झाली.

आगरकरांची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या शिष्यत्वाचा तोच दंडक आहे. त्यांचा वाचक मुख्यतः पांढरपेशा होता आणि त्यांचे युद्ध मुख्यतः त्याच्या घरात चालले. त्याच काळात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेला ‘दीनबंधु’ नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत चालवत होते. १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. बुद्धिवादाचा प्रवाह आणि श्रमिकांचा प्रवाह एकाच दशकात वाहत होते. डोंगरीच्या जामिनाच्या वेळी त्यांची क्षणभर भेट झाली आणि मग ते पुन्हा वेगळे झाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही फारकत आपल्या जीवनात मिटवली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असतानाच, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ काढला. संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे होते, लेखणी त्यांची होती. प्राध्यापकाची विद्या आणि बहिष्कृताची वेदना एका स्तंभात आली, ती तेव्हा.

आज या वारशाची स्थिती काय आहे, हे पाहण्यासाठी पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वाघोलीपर्यंत गेले तरी पुरे. २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. येथील दगडखाणींनी पुण्याच्या इमारतींना आणि रस्त्यांना खडी पुरवली. ती खडी फोडणाऱ्या वडार आणि अन्य स्थलांतरित कुटुंबांची मुले मात्र वर्षानुवर्षे शाळेच्या नोंदवहीबाहेर राहिली. ‘संतुलन’सारख्या संस्थेचे कार्यकर्ते खाणीवरच पाषाणशाळा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हाती पाटी आली. त्याच वाघोलीत आणि तिच्या आसपास खासगी अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालयांच्या इमारती उभ्या आहेत. एकाच शिवारात शिक्षण हे एकासाठी विक्रीची वस्तू आहे आणि दुसऱ्यासाठी अप्राप्य. स्त्रीला शिक्षण नाकारणारी रूढी आगरकरांनी पाहिली. खाणकामगाराच्या मुलीला शिक्षण नाकारणारे शुल्कपत्रक आज समोर आहे. तालिबानांनी बंदुकीच्या धाकाने जे दार बंद केले, तेच दार येथे दारिद्र्याने लोटले जाते. आवाज होत नाही एवढाच फरक.

आणि यावर लिहायचे कोणी? महाराष्ट्रातील कितीतरी प्राध्यापक आज तासिका तत्त्वावर राबतात. पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही हे संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. असा अध्यापक उद्या आपल्याच संस्थेच्या शुल्काविरुद्ध लिहील, ही अपेक्षा त्याच्याकडून करण्याचा अधिकार त्याला संरक्षण न देणाऱ्या समाजाला नाही. वृत्तपत्रांतील संपादकाची गत वेगळी नाही. पत्र भांडवलदाराचे, जाहिरात सरकारची व उद्योगाची, आणि नोकरी कराराची. आगरकरांची लेखणी ज्या तीन गोष्टींवर टेकली होती, त्या तिन्ही आजच्या लिहिणाऱ्याच्या पायाखालून काढून घेतलेल्या आहेत. म्हणून आगरकर पुन्हा का जन्मत नाहीत, असा उसासा टाकणे हा दांभिकपणा आहे. आगरकर जन्मतात, त्यांना उभे राहायला जागा नसते.

ती जागा निर्माण करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे आणि ते भाषणाने होणारे नाही. तासिकेवरील अध्यापकांना कायम सेवेचा हक्क मिळावा, यासाठी त्यांच्या संघटनेच्या लढ्यात कार्यकर्त्यांनी सामील झाले पाहिजे. मालकाविना चालणारी छोटी नियतकालिके वर्गणीदारांवर जगतात. प्रत्येक शाखेने त्यांचे वर्गणीदार वाढवणे हे सभेइतकेच महत्त्वाचे पक्षकार्य मानले पाहिजे. वाघोलीसारख्या उपनगरांत खाणीवरच्या मुलांची गणना, त्यांचा शाळाप्रवेश, आणि मुलींची गळती या गोष्टींची नोंद कार्यकर्त्यांनी स्वतः ठेवली, तर लिहिणाऱ्याच्या हाती बनावट पत्रांऐवजी खरा पुरावा येईल. डोंगरीचा तोच धडा आहे.

याहून अवघड काम एक उरते. चळवळीच्या पत्राने चळवळीलाच अप्रिय असे काही छापले, कार्यकर्त्याच्या घरातील हुंड्याबद्दल, सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्या स्त्रियांबद्दल, पदाधिकाऱ्यांच्या नावांतून दिसणाऱ्या जातींबद्दल विचारले, तर त्या संपादकाचे काय होते? वर्गणी बंद करण्याची पत्रे येतात, की प्रश्नाचे उत्तर शोधले जाते? आगरकरांना ‘केसरी’ सोडावा लागला तो इंग्रज सरकारमुळे नव्हे. स्वकीयांमुळे आणि सहकाऱ्यांमुळे. पुरोगामी म्हणवणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कचेरीत तो ऑक्टोबर १८८७ पुन्हा पुन्हा येतो. तो आला असता आपल्या संपादकाला जागेवर राहू देणारा पक्षच टेंभूच्या त्या प्राध्यापकाचे नाव घेण्यास पात्र आहे.